पिवळ्या चिंधीची कोंबडी

नोकरीच्या काळात ‘कलिंग’ हा इंग्रजी शब्द मला दोनदा शिकवण्यात आला. पहिल्यांदा मी पंचविशीत होतो, दुसऱ्यांदा निवृत्तीला दोन वर्षं उरली होती. त्या शब्दाचं मूळ कुठलं, हे मात्र मला गेल्या दिवाळीनंतर कळलं, बुलढाण्यात सकाळी फिरायला जातो तिथल्या एका बाकावर. तेव्हापासून एक जुनी गोष्ट घशाशी येऊन बसली होती. ती इथे लिहितो. कुणाचं नाव घेणार नाही. नावं ज्या कागदावर हवी होती त्या कागदावर आता आहेत.

मी गुरांच्या दवाखान्यातला पर्यवेक्षक. शिकलेला डॉक्टर तालुक्याला बसायचा. खेड्यात लस टोचणं, अडलेली गाय मोकळी करणं, जखमा धुणं ही कामं आमची. लोक तोंडावर डॉक्टरसाहेब म्हणत आणि पाठीमागे ढोरडॉक्टर. दोन्ही मला चालायचं.

नोकरीला लागलो तेव्हा आम्हाला एका सरकारी कुक्कुटपालन केंद्रात शिकायला पाठवलं होतं. तिथे एक वयस्क शिक्षक होते. पिंजऱ्यातून एकेक कोंबडी काढून ते आमच्या हातात द्यायचे. तुरा लाल आहे की फिका, ते विचारायचे. मग म्हणायचे, “आता मागे हात लावा. दोन हाडं लागली? मधे किती बोटं बसतात?” दोन-तीन बोटं बसली तर कोंबडी अंड्यावर आहे, एकच बोट कसंबसं शिरलं तर तिचं अंडं बंद झालं. अशी बंद झालेली, रोगट, लंगडी कोंबडी कळपातून बाजूला काढायची. याला कलिंग म्हणतात, असं त्यांनी फळ्यावर लिहून सांगितलं. बाजूला काढलेलीचं पुढे काय होतं ते सगळ्यांनाच माहीत होतं, त्यावर ते बोलले नाहीत. त्यांचा सगळा जोर एका गोष्टीवर होता. “हातात घेतल्याशिवाय एकही कोंबडी काढायची नाही. लांबून पाहून काढाल तर चांगली मरेल आणि वाईट राहील.”

पुढे वर्षानुवर्षं मी तसंच केलं. बोटांना सवय लागली. बाजारात कुणाच्या हातात कोंबडी दिसली तरी माझी बोटं वळवळायची.

ज्या गावाची ही गोष्ट आहे ते संग्रामपूर तालुक्यातलं, सपाटीवरचं, काळ्या जमिनीतलं. उत्तरेला सातपुडा दिसतो, पण लांब. आमचा दवाखाना शेजारच्या गावात होता. इकडे शेत, बैल, म्हैस हे सगळं पुरुषांचं. कोंबडी मात्र बाईची, आणि तिच्यात घरातला पुरुष हात घालत नसे. कोंबड्या वाट्यानं देण्याची एक रीत होती. जिच्या हाताला गुण आहे अशा बाईकडे दुसऱ्या बायका आपली कोंबडी सांभाळायला ठेवत. पिल्लं मोठी झाली की अर्धी मालकिणीची, अर्धी सांभाळणारीची. त्यामुळे एका घरच्या डाल्याखाली, म्हणजे कोंबड्या झाकायच्या टोपलीखाली, चार घरच्या कोंबड्या निघत. ओळख पटावी म्हणून प्रत्येक बाई आपल्या जुन्या लुगड्याची चिंधी फाडून कोंबडीच्या पायाला बांधायची. हिरवी चिंधी चावडीसमोरच्या घरातल्या बाईची, निळी शाळेजवळ राहणाऱ्या विधवेची. लेकी दिल्या त्या गावांपर्यंत या कोंबड्या जात आणि तिथून पिल्लं येत. लस टोचता टोचता मलाही चिंध्या पाठ झाल्या होत्या.

पिवळी चिंधी ज्या बाईची, तिची ही गोष्ट आहे. तेव्हा ती पन्नाशीची असेल. घरची दोन एकर जमीन, नवरा मितभाषी, एक मुलगा, आणि एक लेक सातपुड्याच्या पायथ्याशी एका गावात दिलेली. गावातल्या बायका खुडूक कोंबडी बसवायची झाली की अंडी घेऊन हिच्याकडे यायच्या. हिनं बसवलेलं अंडं वाया जात नाही, असा तिचा लौकिक होता. अंडी ठेवायला आलेली सून अर्धा तास ओट्यावर बसून सासूबद्दल बोलून घ्यायची, आणि तासाभरानं तिची सासू येऊन सुनेबद्दल. ती दोघींचं ऐकायची आणि एकीचं दुसरीला सांगायची नाही. गावात तिला जो मान होता तो असा होता.

हिवाळ्याचे दिवस. घराघरांत कापूस भरलेला. दुपारी चारच्या सुमाराला ती खताची रिकामी पिशवी घेऊन दवाखान्यात आली. पिशवीत मेलेली कोंबडी होती. तुरा काळानिळा पडलेला, डोळ्यांभोवती सूज.

“काल संध्याकाळी मान टाकली, डॉक्टरसाहेब. सकाळी गेली.”

“बाकीच्या कशा आहेत?”

“बाकीच्या चांगल्या हायेत. हे इथची नाई ना. डोंगराखालच्या गावची हाय, माह्या ईनीच्या घरची.” ईन म्हणजे विहीण, तिच्या लेकीची सासू. “माही कोंबडी तिच्याकडं वाट्यानं होती, तिचंच हे पिल्लू. परवा काळीपिवळी जीपमंदी मांडीवर घेऊन आणली. ईनबाईनं तोंड उघडलं नाई. मांगून लेकीचा फोन आला का तिकडं बी मरून राह्यल्या म्हणून.”

“बरं.”

“मी येगळी डालून ठेवली होती. बाकीच्यायत सोडलीच नाई. तुमी लिवून घ्या बरं, डोंगराखालच्या गावची म्हणून.”

“लिहितो,” मी म्हणालो.

मी लिहिलं नाही. कागदावर रकाना होता तो मालकाचं नाव आणि गाव एवढाच. डोंगराखालचं गाव दुसऱ्या दवाखान्याच्या हद्दीत. ते लिहायचं तर तिथल्या माणसाला कळवायचं, वेगळं पत्र करायचं. नमुना घेऊन जाणारा शिपाई पाचच्या बसनं निघणार होता आणि बाहेर चपला घालून उभा होता. शिवाय मला वाटलं मानमोडीची साथ असेल, थंडीत नेहमी येते. पिशवीचं तोंड बांधायला सुतळी सापडेना. कोंबडीच्या पायाला पिवळी चिंधी होती, ती सोडली आणि तिनंच तोंड बांधलं. वर चिठ्ठी लावली. चिठ्ठीवर बाईचं नाव, बाईचं गाव. ती समोर उभी राहून पाहत होती. तिला वाचता येत नव्हतं.

काही दिवसांनी अहवाल आला. मानमोडी नव्हती. तेव्हा पेपरात रोज ज्या रोगाची बातमी येत होती, जो माणसालाही होऊ शकतो म्हणून सगळे घाबरले होते, तोच तो रोग होता.

तालुक्याला बैठक झाली. टेबलावर नकाशा पसरलेला होता. एका अधिकाऱ्यानं कंपास उघडला, त्याची सुई चिठ्ठीवरच्या गावावर टेकवली आणि पेन्सिल फिरवली. मग तो शब्द मला दुसऱ्यांदा शिकवण्यात आला. कलिंग म्हणजे या वर्तुळातला प्रत्येक पक्षी. निरोगी, आजारी, पिल्लू, खुडूक, काही पाहायचं नाही. एक दिवसही थांबायचं नाही. मागे उभा असलेला जीपचा ड्रायव्हर म्हणाला, “साहेब, कलिंगाची लढाई शाळेत होती आमाले. तीच काय हे?” सगळे हसले. मीही हसलो.

हसून झाल्यावर मी तोंड उघडलं होतं, हे मला आठवतं. सुई सपाटीवर टेकली होती. ती डोंगराकडे सरकायला हवी होती. एवढंच वाक्य. कोंबडी तिथली आहे, बाईनं मला सांगितलं होतं. पण त्याच्या पुढचा प्रश्न मला ऐकू येत होता: मग चिठ्ठीवर असं का लिहिलं? खोलीत माझ्यापेक्षा हुद्द्यानं मोठे आठ-दहा लोक होते. बाहेरून पथकं येऊन थांबली होती. मी स्वतःला सांगितलं, कोण जाणे, इथेच लागण झाली असेल. कुणी विचारलं तर सांगू. कुणी विचारलं नाही. मी तोंड मिटलं.

वर्तुळ काढणं चूक होतं असं मी म्हणत नाही. तो रोग तसाच थांबवावा लागतो. पण त्याचा मध्य मी दिलेला होता आणि तो खोटा होता.

यापुढचं लिहायला मला जड जातं. पथकातले लोक परके. कोंबडी कशी पकडायची हे त्यांना सुचेना. मीच सांगितलं, पहाटे या, बायका डाली उचलायच्या आधी. तसे ते आले. पांढरे पोशाख, तोंडाला फडकी, डोळ्यांवर चष्मे. माझ्याही अंगावर तसाच पोशाख होता, पण चालण्यावरून सगळ्यांनी मला ओळखलं. बायकांनी कोंबड्या लपवल्या होत्या. चुलीमागे, कणगीत, आणि जास्त करून कापसात. खोली छतापर्यंत कापसानं भरलेली असली की त्यात कोंबडी पुरून ठेवता येते. अंधारात ती गप्प बसते. परक्या माणसाला ते कळलं नसतं. मला कळलं, कारण याच घरांत लस टोचायला आलो की पोरं गंमत म्हणून कोंबड्या तिथेच लपवायची. मी दार दाखवत गेलो.

ज्या निसटून झाडावर बसल्या त्यांच्यासाठी मी बायकांना हाक मारायला लावलं. दाणे टाकताना जी हाक मारतात तीच. बायका रडत हाक मारत होत्या आणि कोंबड्या पळत येत होत्या.

“हे माही नाई हो, वाट्याची हाय,” निळ्या चिंधीची एक कोंबडी छातीशी धरून एक पोरगी म्हणत होती. “इले नका नेऊ. मी तिले काय सांगू?”

मी ती कोंबडी तिच्या हातातून घेतली. घेताना माझी बोटं आपोआप मागे गेली. तीन बोटं बसली. तुरा लालभडक होता. त्या सकाळी माझ्या हातून गेलेल्या प्रत्येक कोंबडीला मी तसं पाहिलं, थांबवता येत नव्हतं. एकही आजारी नव्हती. गावाबाहेर खड्डा खणला होता, चुना आणून ठेवला होता. दुपारपर्यंत गाव संपलं. म्हणजे माणसं होती, पण गावात आवाज नव्हता.

पिवळ्या चिंधीच्या बाईनं एकही कोंबडी लपवली नव्हती. मी दारात गेलो तर डालं उचलून ती बाजूला उभी राहिली. म्हणाली, “डोंगराखालच्या गावी बी गेले काय हो लोकं?”

मी फडक्याआडून म्हणालो, “जातील.”

ते गेले, पण दहा-बारा दिवसांनी, तिथून दुसरा नमुना आल्यावर. तोवर तिथल्या बहुतेक कोंबड्या मरून गेल्या होत्या, आणि उरलेल्यांपैकी काही वाट्याच्या म्हणून आणखी दोन गावांत पोचल्या होत्या. मग त्या गावांतही वर्तुळं पडली. पहिली लागण कुठली, असं कुणी विचारलं नाही. पहिला कागद माझा होता.

महिनाभरानं एका सकाळी दवाखान्यासमोर पाच-सहा बायका आल्या. पुढे हिरव्या चिंधीची मालकीण, चावडीसमोरच्या घरातली. ती गावातली बोलकी बाई. सगळ्यांच्या मागे, डोक्यावर पदर घेऊन, पिवळ्या चिंधीची बाई.

“डॉक्टरसाहेब, एक सांगा,” हिरव्या चिंधीवाली म्हणाली. “कागदावर हिचं घर हाय. सारं गाव म्हणते का हिच्याच घरात रोग होता, हिनं लपवला अन् मंग आमच्यावर आला. हे म्हणते का कोंबडी डोंगराखालची होती, अन् तुमाले तवाच सांगतलं होतं. खरं काय हाय?”

बाई माझ्याकडे पाहत होती. तिच्या चेहऱ्यावर काळजी नव्हती. मी आता सांगणार आणि हा विषय संपणार, अशा खात्रीनं ती उभी होती. ते मला अजून दिसतं.

मी म्हणालो, “तसं काही सांगितल्याचं मला आठवत नाही.”

“ऐका!” हिरव्या चिंधीवाली मागे वळून म्हणाली. “आता डॉक्टर बी खोटा काय?”

“आठवा ना, डॉक्टरसाहेब,” बाई म्हणाली. “तुमी लिहितो म्हणले होते. पिवळी चिंधी सोडली तुमी तिच्या पायाची. त्या चिंधीनं पिशवी बांधली.”

“रोज इतके लोक येतात, बाई.”

तिनं डोक्यावरचा पदर पुढे ओढला. दुसरी एक बाई म्हणाली, “चाल व माय, कापूस वेचाचा राह्यला.” आणि त्या गेल्या.

सरकारी भरपाई सगळ्यांना मिळाली, नवी पिल्लं आली, वर्षभरात गावात पुन्हा कोंबड्या दिसू लागल्या. फक्त तिच्याकडे कुणी अंडी बसवायला आणली नाहीत. वाट्यानं कुणी तिला कोंबडी दिली नाही आणि तिची कुणी घेतली नाही. लेकीच्या सासरीही बोलणं तुटलं, कारण हिनं डोंगराखालच्या गावाचं नाव घेतलं म्हणून विहीण चिडली होती. हे मला लस टोचताना तुकड्या-तुकड्यांनी कळत गेलं. तिच्या दारावरून जाताना मी सायकल जोरात मारायचो. पुढे निवृत्त झालो आणि मुलाकडे बुलढाण्याला आलो.

आता त्या बाकाची गोष्ट. सकाळी माझ्याबरोबर एक निवृत्त प्राध्यापक फिरायला असतात. त्यांनी कॉलेजात इंग्रजी शिकवलं. शब्दांची मुळं शोधणं हा त्यांचा छंद आणि ऐकणं हे माझं नशीब. त्या दिवशी पेपरात कुठल्यातरी लांबच्या जिल्ह्यात कोंबड्यांच्या कलिंगची बातमी होती. मी सहज विचारलं, “सर, हा ‘किल’चाच भाऊ का?”

“मुळीच नाही,” ते खूश होऊन म्हणाले. “तोंडवळा सारखा, घर वेगळं. ‘किल’चं मूळ अजून कुणाला नक्की सापडलेलं नाही. हा मात्र खानदानी आहे. लॅटिनमध्ये एक धातू आहे, वेचणं या अर्थाचा. त्याला ‘एकत्र’ असा उपसर्ग लागला, म्हणजे वेचून गोळा करणं. तिथून तो फ्रेंचांकडे गेला, तिकडे फुलं-फळं खुडायला लागला. इंग्रजीत आला तेव्हासुद्धा कवी लोक त्यानं फुलंच वेचायचे.”

“मग कोंबड्या कधी मारायला लागला?”

“मध्ये मेंढपाळ आले ना. कळपातून नको ती मेंढी वेचून काढायची. वेचून काढलेली कापायची. असं करत करत वेचणं मागे राहिलं आणि मारणं तेवढं उरलं. आणि गंमत पाहा, आपला कलेक्टरही याच घराण्यातला. तेव्हा कलिंगचा हुकूम कलेक्टरच्या सहीनं निघतो हे भाषेला धरूनच आहे!” ते स्वतःच्या विनोदावर हसले. मग म्हणाले, “मूळ धातूचा आणखी एक अर्थ आहे, वाचन करणं. अक्षरं एकेक वेचायची म्हणजेच वाचायचं. काय डोकं होतं लोकांचं!”

मी पेपर मिटून बाकावर ठेवला.

“काय झालं हो ढोरडॉक्टर? साखर कमी झाली का?”

“नाही,” मी म्हणालो. “आमच्याकडे कापूस वेचतात.”

मला माझे शिक्षक आठवत होते. हातात घेतल्याशिवाय एकही काढायची नाही, हे ते सांगत होते तेव्हा ते त्या शब्दाचं मूळच सांगत होते. वेचणारा आधी पाहतो. आमच्या बायका बोंड पाहून बोट घालतात. किडकं बोंड वेगळ्या ओटीत, चांगलं वेगळ्या. मी एक चिंधी पाहिली होती, ती कुणाची आणि कुठून आली हे मला सांगितलं गेलं होतं, आणि तिचा उपयोग मी पिशवी बांधायला केला. त्या कोंबड्यांचं मरण हुकमानं झालं. पण बाईला मात्र मी वेचून काढलं होतं. गावातल्या एवढ्या बायकांतून एकच, आणि तीही हातात घेऊन, चांगली आहे हे नीट कळल्यावर.

हे मी सरांना सांगितलं. पहिल्यांदाच कुणाला तरी सांगितलं. ते बराच वेळ काठीनं मातीत रेघा काढत राहिले. मग विचारलं, “आहे का ती?”

“माहीत नाही.”

“जाऊन पाहा ना मग. शब्दकोशात नाही सापडायची ती.”

पुढच्या आठवड्यात मी घाट उतरून गेलो. खामगावला बस बदलली, पुढे संग्रामपूरहून ऑटो केला. गाव फार बदललेलं नाही, फक्त रस्ता सिमेंटचा झाला आहे. ती ओट्यावर बसून लसूण सोलत होती. केस पूर्ण पांढरे. छपराच्या वाशाला डालं टांगलेलं होतं, त्यात कांदे होते.

तिनं मला ओळखायला वेळ लावला नाही. “या डॉक्टरसाहेब. पाय ठीक हायेत ना तुमचे? चालणं तेच हाय.”

बसवेना. उभ्यानंच म्हणालो, “बाई, ती कोंबडी डोंगराखालची होती. तुम्ही मला सांगितलं होतं. मला आठवत होतं. मी खोटं बोललो.”

तिनं हातातली पाकळी सोलून पुरी केली. “मले काय सांगता? मले त माहीतच हाय.”

“माफी मागायला आलो.”

“ते माफी-बिफी मले नाई समजत. बसा. चहा घ्या.” मग सुनेला हाक मारून चहा सांगितला आणि तशाच आवाजात म्हणाली, “आमचे हे गेले. त्यायले मरताना बी वाटत असन का आपल्या बायकोनं गाव बुडवलं. तोंडानं बोलले नाई कधी. ईनबाई बी गेली. माही लेक पाच वर्षं माहेरी आली नाई. आता तुमाले आठवलं.”

मी ओट्याच्या कडेला बसलो.

“तवा काऊन नाई आठवलं?”

“भीती वाटली, बाई. नोकरीची.”

“मले बी वाटली असती,” ती म्हणाली. “पण मी सांगतलं असतं.”

चहा आला. मी म्हणालो, गावात कुणाकुणाला सांगू, सांगा, मी घरोघर जाऊन सांगतो. ती हसली. “घरोघर जाऊन राह्यले त लोकं म्हणतीन म्हाताऱ्याले भरम झाला. तुमी तवा बोलून नाई केलं ते. लिवून केलं. मंग लिवूनच काढा.”

सुनेनं पोराच्या वहीतला कागद आणून दिला. मी लिहिलं. तारीख, माझं नाव, माझा तेव्हाचा हुद्दा, बाईचं नाव. नमुन्याची कोंबडी या गावची नव्हती. मालकिणीनं तसं मला त्याच दिवशी स्पष्ट सांगितलं होतं. ते मी चिठ्ठीवर लिहिलं नाही. पुढे विचारल्यावर आठवत नाही असं खोटं सांगितलं. वाचून दाखवलं.

“तिले येगळी डालून ठेवली होती, ते लिवा.”

लिहिलं.

“चिंधी पिवळी होती. माह्या लुगड्याची. ते बी लिवा.”

तेही लिहिलं आणि खाली सही केली. ती म्हणाली, “आता मारुतीच्या देवळापाशी चाला. या टायमाले बाया बसतेत तिथं.”

देवळाच्या सावलीत सात-आठ बायका होत्या. बऱ्याचजणी नव्या, मला न ओळखणाऱ्या. त्यांच्या सासवांच्या वेळची ही गोष्ट. पण कट्ट्यावर भिंतीला टेकून हिरव्या चिंधीवाली बसलेली होती, दात गेलेले, कानात यंत्र. मी कागद वाचला. ‘खोटं सांगितलं’ या शब्दांपाशी थांबावं लागलं.  एका तरुण बाईनं शेजारणीला विचारलं, “कोणती कोंबडी व?” तिला कुणीतरी गप्प केलं.

हिरव्या चिंधीवालीनं कानातलं यंत्र नीट बसवलं. “पुन्ना वाचा,” ती म्हणाली.

मी पुन्हा वाचला. या वेळी थांबलो नाही.

ती माझ्याकडे पाहतच नव्हती. कट्ट्याच्या दुसऱ्या टोकाला बसलेल्या पिवळ्या चिंधीवालीकडे पाहत होती. 

“म्हंजे तू खरं सांगून राह्यली होती,” ती म्हणाली.

“हाव,” बाई म्हणाली.

बाईनं माझ्या हातातून कागद घेतला, चार घड्या घातल्या आणि कमरेच्या पिशवीत ठेवला. मग मला म्हणाली, “साडेचारची गाडी हाय तुमची. निंगा.”